चोर सोडून संन्याशाला सुळी

पहिल्यांदा बोटांना मुंग्या आल्या तेव्हा मी त्या वयाच्या खात्यात जमा केल्या. जून महिना होता. टेबलाखाली अनवाणी बसून संगणकाच्या कॅबिनेटचं पत्र्याचं झाकण काढत होते. क्षणभर झिणझिणलं आणि थांबलं. त्या दिवशी डोक्याला त्याहून मोठा घोर होता. चार टीबीची नवीकोरी हार्ड डिस्क दर काही तासांनी यंत्रातून गायब होत होती आणि त्या डिस्कवर अण्णा होते. म्हणजे अण्णांचा आवाज नव्हे, अण्णांनी साठवलेले इतरांचे आवाज.

आमचे अण्णा वसंत व्याख्यानमालेला टेपरेकॉर्डर घेऊन जाणाऱ्यांपैकी. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केलेली ही व्याख्यानमाला त्यांच्यासाठी पंढरीच्या वारीसारखी होती. गल्लीतल्या गणपतीतली कीर्तनं, रेडिओवरच्या मैफली, नाट्यसंगीत, असं सगळं मिळून ९० मिनिटांच्या चारशेच्या आसपास कॅसेट त्यांनी मागे ठेवल्या. त्यातल्या काहींना बुरशी धरायला लागली, तेव्हा मी त्या एकेक करून संगणकावर उतरवायला घेतल्या. सीडीच्या दर्जाने उतरवलं तर एका कॅसेटला साडेनऊशे एमबी लागतात. चारशेंना पावणेचारशे जीबीच्या वर. त्यात घरातले फोटो, लग्नांचे व्हिडिओ आणि अनुवादाच्या कामाच्या तीस वर्षांच्या फायली. इंटरनेटवर दरमहा भाडं भरून हे सगळं ठेवता आलं असतं. पण ज्या घरात कॅसेटच्या पाठीवर तारीख, वक्ता आणि ‘दुसऱ्या बाजूला थोडी खरखर’ अशी नोंद करायची पद्धत होती, त्या घराला परक्याच्या माळ्यावर सामान ठेवणं रुचत नाही. घरातच एक यंत्र अखंड चालू ठेवायचं, त्यात दोन डिस्क, दोन्हींवर तेच, एक गेली तर दुसरी आहेच, आणि अमेरिकेतल्या बहिणीलाही तिथूनच ऐकता यावं, असा बेत ठरला. याला फाइल सर्व्हर म्हणतात हे मला बंगळुरूच्या भाच्याने सांगितलं. ‘‘मावशी, एका रविवारचं काम आहे,’’ असंही तो म्हणाला.

ते पाच महिन्यांचं काम निघालं. सॉफ्टवेअर खरोखरच एका रविवारी बसलं. ट्रूनॅस नावाची फुकट प्रणाली आहे, तिचा पूर्वज फ्रीनॅस हा ऑलिव्हिए कोशार-लाबे यांनी २००५ मध्ये सुरू केला. ती पेनड्राइव्हवरून अर्ध्या तासात बसते. बाकीचे पाच महिने पत्रा, तार, तांबं आणि प्लॅस्टिक यांनी खाल्ले.

यंत्र बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून आणलं. एका बंद झालेल्या ऑफिसातून निघालेला असेंबल केलेला संगणक होता. दुकानात तो चालला. घरी आणल्यावर पंखा फिरला, दिवा लागला, पडदा मात्र काळाच. दुकानातल्या मुलाला फोन केला. ‘‘डिस्प्ले येत नाही ना ताई? रॅम काढा, खोडरबरने घासा, परत बसवा.’’ मला वाटलं चेष्टा करतोय. पण मुलीच्या कंपासपेटीतला पांढरा खोडरबर घेऊन रॅमच्या सोनेरी पट्ट्या घासल्या, टक् असा आवाज येईपर्यंत दाबून बसवल्या आणि पडदा उजळला. भारतातल्या कुठल्याही गावातला संगणक दुरुस्तीवाला ज्ञानेश्वरीच्या पहिल्या ओवीसारखा हा उपाय आधी म्हणतो. यात खोडरबराचं श्रेय निम्मंच असावं. काढून परत बसवताना पट्ट्या खाचेतल्या पात्यांवर घासल्या जातात आणि वर बसलेला थर त्यानेच निघतो. शिवाय सोन्याचा मुलामा फार पातळ असतो. दर महिन्याला घासत बसलात तर एक दिवस सोनं खोडरबरावर दिसेल.

दुसरा दिवस असाच एका क्षुल्लक गोष्टीपायी चार दिवसांचा झाला. दोन डिस्क जोडल्या, दिसत होती एकच. केबलींची अदलाबदल केली, डिस्कची केली, शेवटी मदरबोर्डची पुस्तिका उघडली. एका तळटीपेत लिहिलं होतं की एम-टू खाचेत अमुक प्रकारची कांडी बसवली की डिस्क जोडायचं, साटाचं पाच नंबरचं पोर्ट बंद होतं. प्रणाली ठेवायला ती छोटी कांडी मीच हौसेने बसवली होती. बोर्डावर वाटा ठरावीक असतात, एकाला दिली की दुसऱ्याची काढून घेतात. पण पोर्टावर ‘बंद आहे’ अशी पाटी नसते, ते बाहेरून अगदी धडधाकट दिसतं. तार शेजारच्या पोर्टात घातली, काम झालं.

आता त्या गायब होणाऱ्या डिस्ककडे येते.

ती सकाळी असायची, दुपारी नसायची. यंत्र बंद करून चालू केलं की पुन्हा हजर. मी दुकानात गेले, दुकानदाराने कुरकुर न करता बदलून दिली. दुसरी डिस्कही तशीच वागली. आता मला त्या कंपनीचाच राग आला. गंमत अशी की झाकण उघडून, टॉर्च घेऊन आत बघत बसले की सगळं ठीक चालायचं. डॉक्टरांच्या खोलीत शिरताच पोराचा खोकला थांबावा तसं. झाकण लावून स्वयंपाकघरात गेले की तास-दोन तासांत तक्रार सुरू.

भाच्याने फोनवर विचारलं, ‘‘मावशी, स्मार्ट बघितलंस का?’’ प्रत्येक हार्ड डिस्क स्वतःच्या प्रकृतीची एक वही ठेवते, तिचं हे नाव. त्यात क्रमांक घालून नोंदी असतात. तीन नोंदी पाठ करून ठेवाव्यात. पाचव्या क्रमांकावर, डिस्कने खराब म्हणून सोडून दिलेल्या आणि राखीव जागेत हलवलेल्या तुकड्यांची संख्या असते. १९७ वर, जे वाचता येत नाहीत आणि ज्यांचा निकाल लागायचा आहे असे तुकडे. हे दोन आकडे वाढू लागले तर डिस्क आजारी. तिसरा क्रमांक १९९. डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामधल्या प्रवासात माहिती किती वेळा बिघडून पोचली, हे तो मोजतो. माझ्या वहीत पाच आणि १९७ समोर शून्य होतं. १९९ समोर १,१४३.

म्हणजे डिस्क निर्दोष होती. बिचारी ओरडून सांगत होती की वाटेत लुटालूट चालली आहे, आणि मी तिलाच घराबाहेर काढत होते. आधीची एक तर काढलीही होती. चोर सोडून संन्याशाला सुळी, ती ही.

साटाची केबल म्हणजे बोटभर रुंदीची चपटी पट्टी, आत सात तारा. त्यातल्या चार माहिती नेतात, तीन जमिनीच्या. सेकंदाला सहा अब्ज बिट या वेगाने त्यातून माहिती जाते. एवढ्या वेगात तार ही नुसती तार राहत नाही, तिचा बाक, पिळा, कनेक्टरची पकड, सगळ्याला अर्थ येतो. आतल्या वापराचे हे कनेक्टर सुमारे पन्नास वेळा काढा-घाला करण्याच्या हिशेबाने बनवलेले असतात. माझ्या केबलला खटका नव्हता, ती कुठल्याशा जुन्या यंत्रातून आली होती, आणि डिस्कच्या मागून निघून ती झाकणाला टेकत होती. झाकण लावलं की काटकोनात दुमडायची आणि कनेक्टर केसभर तिरका व्हायचा. उघडलं की सरळ. रोगी वैद्यासमोर बरा का व्हायचा ते असं.

तपकीर गल्लीत खटक्याची, काटकोनी तोंडाची केबल मिळाली. किंमत एका मिसळीपेक्षा कमी. १९९ चा आकडा कधी मागे येत नाही. मोटारीच्या मीटरसारखा तो पुढेच जातो, म्हणून दुरुस्ती झाली की नाही हे त्याच्या थांबण्यावरून ओळखायचं. मी १,१४३ हा आकडा फ्रिजवर चिकटवला. आठवड्याने बघितलं, १,१४३. महिन्याने, तोच. आजही तोच आहे.

इथून माझी एक पद्धत बसली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बदलण्याआधी आकडा लिहून ठेवायचा. एकाच वेळी केबल, पोर्ट आणि डिस्क बदलून ‘झालं ठीक’ म्हणणारा माणूस काहीच शिकत नाही, आणि बिघाड परत आला की त्याच्या हाती काही नसतं. हे तपकीर गल्लीतल्या एका वयस्कर दुरुस्तीवाल्याने मला चहा पाजता पाजता सांगितलं. तो रेडिओच्या काळापासूनचा. त्याच्या मते गिऱ्हाईक नेहमी सगळ्यात महाग भागावर संशय घेतं, कारण नुकसान मोठं असेल तर कारणही मोठं असलं पाहिजे असं त्याला वाटतं.

अर्थात डिस्क नेहमीच संन्याशी नसते. गुगलच्या तीन अभियंत्यांनी २००७ मध्ये एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. तपासणीत पहिली चूक सापडल्यानंतरच्या साठ दिवसांत डिस्क मरण्याची शक्यता, चूक न सापडलेल्या डिस्कच्या ३९ पट होती. पण त्याच अभ्यासात असंही निघालं की मेलेल्या डिस्कपैकी छत्तीस टक्क्यांहून जास्त डिस्कनी, तापमान सोडलं तर, वहीत कसलीच वाईट नोंद केली नव्हती. हसतखेळत गेल्या. म्हणून वही वाचावी, पण तिच्या भरवशावर झोपू नये. मी दोन डिस्क दोन वेगळ्या दुकानांतून घेतल्या, एकाच खोक्यातल्या भावंडांनी एकदम आजारी पडू नये म्हणून. शिवाय तिसरी एक प्रत बाहेरच्या यूएसबी डिस्कवर घेऊन ती भावाच्या घरी ठेवायची ठरवली. आरशासारख्या दोन डिस्क म्हणजे सुरक्षित प्रत असं लोक समजतात. चुकून पुसलेली फाइल आरशातही पुसलेलीच दिसते.

ऑगस्टमध्ये नवी तऱ्हा सुरू झाली. रात्री यंत्र बंद ठेवलं आणि सकाळी लावलं की एक डिस्क हजर नसे. लगेच पुन्हा चालू केलं की दोन्ही हजर. आता मी शहाणी झाले होते, डिस्कला बोल लावला नाही. फिरणारी डिस्क चालू झाल्यावर चार-सहा वॅटवर भागवते, पण थांबलेली तबकडी फिरवायला सुरुवातीचे काही सेकंद तिला बारा व्होल्टच्या तारेवर दोन अँपिअरच्या घरात करंट लागतो. गाडी ढकलताना पहिला जोर लागतो तसा. माझ्या दोन्ही डिस्क एकाच दुफाट्यावर जोडलेल्या होत्या, आणि त्यांना वीज पुरवणारा एसएमपीएस त्या ऑफिसइतकाच जुना. मल्टिमीटर लावून बटण दाबलं. बारा व्होल्ट ११.२ वर उतरले, सात-आठ सेकंदांनी सावरले. पाच टक्क्यांची मुभा धरली तरी ११.४ च्या खाली जायला नको. दुसऱ्यांदा चालू करताना तबकड्या अजून फिरतच असत, म्हणून तेव्हा निभायचं.

एसएमपीएस दुकानातल्या मुलाने उघडला. मी उघडला नाही आणि वाचकांनीही उघडू नये, आत सव्वातीनशे व्होल्टपर्यंत भरलेला कपॅसिटर प्लग काढल्यावरही काही वेळ तसाच असतो. आतल्या लहान कपॅसिटरपैकी दोघांची डोकी तव्यावरच्या फुलक्यासारखी फुगली होती. नवा एसएमपीएस घेतला. तो स्वस्तातला दुफाटा बघून मुलगा म्हणाला, ‘‘हा फेकून द्या ताई, ह्याच्यात तार ओतीव प्लॅस्टिकमध्ये चिकटवलेली असते. आत एकमेकींना टेकल्या तर डिस्कसकट जळतो.’’ त्याच्या गल्ल्याखाली अशा वितळलेल्या दुफाट्यांचा एक डबा आहे. गिऱ्हाइकांना दाखवायला ठेवलाय.

नेटवर्कचं प्रकरण एका संध्याकाळचं होतं. फायली सेकंदाला अकरा एमबीच्या पुढे जात नव्हत्या. हा आकडाच निदान सांगतो. हजार मेगाबिटच्या जोडणीला तारांच्या चारही जोड्या लागतात. एखादी तार तुटली की दोन्ही टोकांची यंत्रं निमूटपणे दोन जोड्यांवरच्या शंभर मेगाबिटवर उतरतात, आणि त्यात अकरा-बाराच एमबी मावतात. दिवाणखान्यातून आलेली केबल दाराच्या बिजागरीत चेंगरली होती. नवीन घातली, आकडा एकशे दहावर गेला.

रॅमने मात्र घाम फोडला. ट्रूनॅसच्या पोटात झेडएफएस ही फाइल साठवण्याची पद्धत आहे, सन मायक्रोसिस्टिम्समध्ये घडलेली आणि २००५ मध्ये सगळ्यांना खुली झालेली. ती प्रत्येक तुकड्याची पडताळणी-बेरीज लिहून ठेवते आणि वाचताना ताडून बघते. सप्टेंबरमध्ये तिने तक्रार केली की तीन फायली बिघडल्या आहेत. दोन्ही डिस्कवर, त्याच जागी, तितक्याच. दोन वेगळ्या दुकानांतल्या दोन डिस्क एकाच शब्दावर अडखळतात असं होत नसतं. दोघींना सांगणाराच चुकीचं सांगत असणार, आणि दोघींना सांगणारी म्हणजे रॅम. पेनड्राइव्हवर रॅम तपासणारा मेमटेस्ट घालून रात्रभर चालू ठेवला. साडेदहाला हिरवं, अकराला हिरवं. पहाटे उठले तर पडद्यावर लाल ओळी. दोन कांड्यांपैकी एक काढून पुन्हा, मग दुसरी काढून पुन्हा. तीन रात्रींनी दोषी सापडली. हिच्यावर खोडरबरही चालला नाही. बिघडलेल्या तिन्हींत एक कॅसेट होती, पाठीवर अण्णांच्या अक्षरात ‘कीर्तन, उत्तररंग’ एवढंच. मूळ कॅसेट जपून ठेवली होती म्हणून परत उतरवता आली. ऐकताना कानाला काही फरक कळला नाही, पण मला ठाऊक होतं की कुठेतरी एक कण वेगळा लागला असता.

एव्हाना नवरात्र आलं होतं. पुण्यात गुरुवार हा देखभालीसाठी वीज जाण्याचा वार, म्हणून सहाशे व्हीएचा एक यूपीएस होता. त्याची बॅटरी तीन वर्षांची झाली होती आणि वीज गेली की एखाद्या मिनिटात शीळ घालून तो मान टाकायचा. बॅटरी बदलायला वायरमन आला. कोपऱ्यातली यूएसबी डिस्क त्याच्यासमोरच जोडत होते, तर ती लागली आणि लगेच सुटली, हे गेले काही आठवडे अधूनमधून चाललं होतं. आणि कॅबिनेटला हात लागताच बोटांना त्या जुन्या मुंग्या. मी हात झटकला. त्याने ते पाहिलं.

खिशातला टेस्टर काढून त्याने कॅबिनेटच्या पत्र्याला टेकवला. निऑनचा दिवा लागला. मी घाबरून प्लग उपटला. तो म्हणाला, ‘‘थांबा ताई. संगणकाला काही झालेलं नाही.’’

मग त्याने जे समजावलं ते थोडं माझ्या भाषेत सांगते. एसएमपीएसच्या तोंडाशी विजेतली खरखर गाळायला दोन छोटे कपॅसिटर असतात. एक फेजपासून पत्र्यापर्यंत, एक न्यूट्रलपासून पत्र्यापर्यंत. गाळलेली घाण प्लगच्या तिसऱ्या, जाड पिनेतून जमिनीत जावी अशी योजना. तिसऱ्या पिनेच्या मागे जमीनच नसली तर पत्रा दोघांच्या मधोमध लटकतो, म्हणजे दोनशे तीसच्या निम्म्यावर. करंट अगदी थोडा असतो, मुंग्या येण्यापुरता. माणूस त्याने मरत नाही. पण खरोखर फेजची तार पत्र्याला टेकली, तर त्या करंटला जायला वाट नाही, वाट नाही म्हणून एमसीबी पडत नाही, आणि पुढचा हात लावणारा माणूसच वाट होतो.

त्याने मीटर लावला. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३२. न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये एक-दोन असायला हवेत, तिथे नव्वदच्या वर. मीटरवर त्याचा पूर्ण विश्वास नव्हता, म्हणून पिशवीतून होल्डरला लावलेला शंभरचा पिवळा बल्ब काढला. फेज-न्यूट्रलमध्ये धरला तेव्हा खोली उजळली. फेज-अर्थिंगमध्ये धरला तेव्हा बल्बला काही सांगितलंच नाही असा तो बसून राहिला. बैठकीत तेच, स्वयंपाकघरात तेच. समोरच्या काकूंकडे जाऊन बघितलं, तिथेही अंधार. काकू म्हणाल्या, ‘‘आम्ही वॉशिंग मशीनला हात लावताना पायात सपाता घालतो. दोन वर्षं झाली. मशीनच तसलं आहे.’’

खाली मीटर रूममध्ये अर्थिंगची पट्टी होती. ती भिंतीवरून उतरून जमिनीत शिरत होती, तिथवर ठीक. पुढे पेव्हर ब्लॉक. सेक्रेटरींना विचारलं, त्यांना अर्थिंगचा खड्डा कुठे आहे हे माहीत नव्हतं. इमारत सत्याऐंशी सालची, नकाशा बिल्डरकडे, बिल्डर देवाघरी. शेवटी वॉचमनने हात दाखवला. कंपाउंडच्या भिंतीपासून चार हात आत, जिथे आता एक पांढरी गाडी उभी असते. ‘‘तिथं लोखंडी झाकण होतं. उन्हाळ्यात मी बादलीभर पाणी ओतायचो, आधीच्या सेक्रेटरींनी सांगितलं होतं. फरशी बसवली तेव्हा झाकण आत गेलं. मग कुणी विचारलं नाही, मीही ओतलं नाही.’’

अर्थिंगच्या जुन्या पद्धतीच्या खड्ड्यात पाइप किंवा पत्रा पुरतात आणि भोवती मिठाचे नि कोळशाचे थर देतात. मीठ आणि ओल यांच्यामुळे माती विजेला वाट देते. कोरडी पडली की देत नाही. भारतीय मानक ३०४३ मध्ये याचे नियम आहेत, पण बादलीचं काम नियमाने होत नाही, माणसाने होतं. रविवारी गाडी हलवून ब्लॉक उचलले. झाकण निघालं, खाली भुसभुशीत कोरडी माती आणि तिच्यात गंजून तुटलेली पट्टी. पाऊस चार महिने पडला होता, तो ब्लॉकवरून वाहत गटारात गेला होता.

सोसायटीच्या सभेत खर्चावरून दोन तास गेले. एका सभासदाचं म्हणणं होतं की माझ्या एकटीच्या कॉम्प्युटरसाठी सगळ्यांनी वर्गणी का द्यायची. काकूंच्या सपातांची गोष्ट मी सांगितली तेव्हा आणखी चौघांनी आपापल्या गीझरचं आणि फ्रिजचं सांगितलं. दिवाळीच्या आधी नवा खड्डा झाला. पिवळा बल्ब दोन्हीकडे सारखा उजळला, मग घराघरांत गळती पकडणारे आरसीसीबी बसले. माझी यूएसबी डिस्क त्यानंतर एकदाही सुटलेली नाही. ते अर्थिंगमुळेच, असं शपथेवर म्हणणार नाही, कारण त्याच आठवड्यात मी तिची केबलही बदलली होती. एका वेळी एकच बदल हा नियम मीच मोडला.

बहीण आता तिकडे सकाळी चहा घेताना अण्णांची कीर्तनं लावते. वॉचमन रविवारी गाड्या धुऊन झाल्या की उरलेली बादली त्या झाकणात ओततो. काकूंना तीनदा सांगून झालं, वायरमननेही बल्ब लावून दाखवला. त्या मान डोलावतात, आणि मशीन लावायची वेळ झाली की दाराआडच्या सपाता पायात घालतात.